‘लाइन’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळात ‘लाइनीपलीकडे राहतो’ म्हटलं की निम्मा पत्ता सांगून होतो. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेत ‘लाइन आली’ अशी हाक ऐकू आली की कोणीतरी पंपाच्या स्टार्टरकडे धावतो. धुळ्यात बारावी झालेल्या मुलाला पाहुणे ‘कोणती लाइन घेणार?’ असं विचारतात. शब्द एकच आणि तोही परका, पण आपण तो इतक्या कामांना जुंपला आहे की त्याच्याबद्दल प्रश्न पडणारच. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळ्या प्रश्नांत सारखा दम नाही.

‘लाइन’ हा शब्द मुळात आला कुठून?

जवसातून. लॅटिन भाषेत जवसाला, म्हणजे अळशीला, ‘लिनुम’ म्हणत. जवसाच्या खोडाच्या सालीतून लांब, चिवट धागा निघतो. त्या धाग्याची दोरी ती ‘लिनिया’. आजची ‘लाइन’ ही त्या लिनियाचीच पणती.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण जवस ओळखतो तो चटणीमुळे आणि तेलामुळे. पण जवसाचे दोन प्रकार असतात. तेलासाठी लावतात ती जात बुटकी आणि भरपूर फांद्या फुटणारी. भारतात मुख्यतः हीच. धाग्यासाठीची जात कमरेएवढी उंच, सरळसोट वाढणारी, आणि तिला थंड, दमट हवा मानवते. युरोपात हीच जात महत्त्वाची होती. इजिप्तच्या ममी ज्या पट्ट्यांत गुंडाळल्या आहेत त्याही जवसाच्या धाग्याच्याच. वनस्पतिशास्त्रात या पिकाचं नाव ‘लिनम युसिटाटिसिमम’ असं आहे, म्हणजे ‘अत्यंत उपयोगाचं जवस’. एका शब्दानं जगभर जी कामं केली ती पाहता नाव खोटं नाही.

इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी शिरला. जर्मन कुळातल्या भाषांनी तो लॅटिनमधून फार पूर्वी उचलला होता, त्यामुळे जुन्या इंग्रजीत दोर आणि ओळ या अर्थांनी तो आधीपासून होता. पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचबरोबर त्याच शब्दाचं फ्रेंच रूप आलं. दोन्ही रूपं एकमेकांत मिसळून गेली. जर्मन भाषेत मात्र ती अजून वेगळी आहेत: ‘लायनं’ म्हणजे दोरी, कपडे वाळत घालायची किंवा कुत्र्याला बांधायची, आणि ‘लीनिए’ म्हणजे रेषा. दोन भाऊ वेगळे राहिले तर कसे दिसले असते, ते तिथे पाहायला मिळतं.

दोरीची रेषा कशी झाली?

हे कोणत्याही बांधकामावर दिसेल. गवंडी विटांचा थर लावण्याआधी दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणतो. तिला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. अर्थाच्या दृष्टीनं पाहिलं तर हे ‘दोरीदोरी’ झालं, पण गवंड्याला त्याचं काय! ताणलेली दोरी आपोआप सरळ होते. तिला गेरू किंवा चुना लावून फटकारली की जमिनीवर सरळ खूण उमटते. दोरी काढून घेतली तरी खूण राहते, आणि दोरीचं नाव त्या खुणेला चिकटतं. पुढे त्या खुणेवर एकामागे एक ठेवलेल्या वस्तू म्हणजे ओळ, त्या ओळीत उभी राहिलेली माणसं म्हणजे रांग, आणि एका पिढीमागून दुसरी पिढी म्हणजे वंशाची ओळ.

आपल्याकडे हाच प्रवास ‘सूत’ आणि ‘सूत्र’ या शब्दांनी केला आहे. सूत्र म्हणजे दोरा, मग दोऱ्यासारखं बांधेसूद वचन, मग गणितातला नियम. सूत धरून लाकूड कापणारा तो सूत्रधार, म्हणजेच सुतार. एवढंच काय, दोन्ही शब्द मापंही झाले. आपल्या सुताराचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंग्लंडात ‘लाइन’ नावाचं माप होतं, ते इंचाचा बारावा भाग. बटणांच्या व्यापारात फ्रेंच लाइन अजून जिवंत आहे, मात्र तिथे ४० लाइनींचा एक इंच धरतात.

हा शब्द संस्कृत ‘लीन’ वरून आला असं वाचलं. खरं आहे का?

नाही. ‘लीन’ हा ‘ली’ धातूचा शब्द आहे. चिकटणं, विरघळून एकरूप होणं हा त्याचा अर्थ. दोरी, रेषा किंवा जवस यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. संस्कृतात जवसाला ‘अतसी’, ‘उमा’ आणि ‘क्षुमा’ असे शब्द आहेत. आपली ‘अळशी’ या अतसीचीच लेक. आणि क्षुमेच्या धाग्याचं वस्त्र ते ‘क्षौम’, जे जुन्या वाङ्मयात राजघराण्यातली माणसं नेसतात. म्हणजे जवसाचं कापड आपल्यालाही ठाऊक होतं, फक्त आपल्या नावाची लाइन वेगळी.

प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून काढून दाखवायचा उद्योग समाजमाध्यमांवर जोरात चालतो. त्यानं संस्कृतचा मान वाढत नाही, असं आमचं मत.

मग ‘लिनन’, ‘लिनसीड’ हे याच घरातले?

हो, आणि घर बरंच मोठं आहे. लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. लिनसीड म्हणजे जवसाचं बी. नव्या क्रिकेट बॅटीला जे तेल चोळतात ते लिनसीडचंच, म्हणजे आपलं जवसाचं. हेच तेल हवेत घट्ट करून त्यापासून फरशीवर अंथरायचं आवरण इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने १८६० च्या दशकात काढलं. त्याला त्यानं ‘लिनोलियम’ नाव दिलं, जवस अधिक तेल. फ्रेंच ‘लाँजरी’ म्हणजे आधी लिननचे कपडे, मग फक्त आतले कपडे. जवसाचं बी खाणारा ‘लिनेट’ नावाचा एक युरोपीय पक्षीही आहे.

पण खानदेशी माणसाच्या सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे ‘लिंट’. जळगाव-धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढली की उरते ती रुई, आणि व्यापारी तिला लिंट म्हणतो. भाव लिंटचे, गाठी लिंटच्या. हा शब्द मुळात कातण्यासाठी तयार केलेल्या जवसाच्या तंतूंचा. कापसाचा व्यापार वाढला, जवस मागे पडला आणि नाव कापसाच्या अंगावर गेलं. खानदेशात कापसाला मिळालेलं हे जवसाचं आडनाव आहे, असं म्हणायला हरकत नाही.

‘लाइन गेली’ हे इंग्रजी आहे का?

शब्द इंग्रजी, अर्थ आपला. इंग्रजीत ‘पॉवर लाइन’ म्हणजे वीज वाहून नेणारी तार. तार कुठे जात नाही, ती खांबावरच असते. जाते ती वीज. आपण तारेचं नाव विजेला देऊन टाकलं. ‘लाइन आली’, ‘लाइन कमी आहे’, ‘थ्री फेज लाइन रात्रीची आहे’, ‘डीपीवरूनच लाइन नाही’. अहिराणीत तर ‘लाईन उनी का?’, म्हणजे ‘लाइन आली का?’, एवढं विचारलं की पुरे. कोणती लाइन ते सांगावं लागत नाही. इंग्लंडातल्या माणसाला ‘द लाइन हॅज गॉन’ म्हटलं तर तो बहुधा टेलिफोनचा विचार करील.

हा अर्थ गावात जास्त पक्का आहे, शहरात ‘लाइट’ म्हणतात. गावात त्याचं कारण शेतीचा पंप. दिव्यापेक्षा पाणी महत्त्वाचं, आणि रात्रपाळीला लाइन असेल तर विंचू-सापाच्या भीतीतही बारं, म्हणजे पिकाला पाणी, द्यायला जावं लागतं. अशा ठिकाणी ‘लाइट आली’ म्हणणं थोडं हलकं वाटतं. दुरुस्तीला येणारा तो ‘लाइनमन’ किंवा ‘वायरमन’. इथे मात्र लाइनचा अर्थ पुन्हा तारच.

शेतातली दुसरी लाइन म्हणजे पाइपलाइन. ‘विहिरीवरून दोन हजार फूट लाइन टाकली’ यात पाइप हा शब्दही गळून पडतो. ठिबकमध्ये मेन लाइन, तिच्यावरून सबमेन, आणि शेवटी झाडांच्या ओळीत जाणारी लॅटरल. तिला बहुतेक शेतकरी साधं ‘नळी’ म्हणतात.

रेल्वेच्या ‘लाइन’ मध्ये वेगळं काय?

रूळ हा लोखंडाचा तुकडा आहे, लाइन म्हणजे मार्ग. हा फरक रेल्वेच्या गावात पोरांनाही कळतो. भुसावळ हे खानदेशातलं सगळ्यात मोठं लाइनीचं गाव. मुंबईकडून येणारा मार्ग इथे फुटतो: एक अकोला-बडनेरा करत नागपूरला, दुसरा बऱ्हाणपूर-खांडवा करत इटारसीला. या दुसऱ्या वाटेनं पुढे जबलपूरला जोड मिळून १८७० साली मुंबई आणि कलकत्ता रेल्वेनं जोडले गेले. जळगावहून तिसरी लाइन अमळनेर-नंदुरबारवरून सुरतेला जाते. चाळीसगावहून धुळ्याची शाखा. आणि पाचोरा-जामनेरची अरुंद लाइन, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत. तिच्या गाडीच्या वेगावर केलेले विनोद त्या गाडीपेक्षा जलद पसरायचे.

‘लाइन क्लिअर’ हा प्रयोगही रेल्वेचाच. एका स्टेशनानं पुढच्या स्टेशनाला विचारायचं, तुमच्यापर्यंतचा मार्ग रिकामा आहे का? त्यानं होकार दिला की लाइन क्लिअर, आणि मगच गाडी सुटते. आता घरात वडील बाहेर गेले की मुलंही एकमेकांना लाइन क्लिअर देतात. ड्रायव्हर-गार्ड ड्युटीवर सोबत नेत ती पेटी म्हणजे ‘लाइन बॉक्स’. ज्यांच्या घरात ती होती त्यांना तिचं वजन सांगायला नको.

रांगेला इंग्रजीत ‘क्यू’ म्हणतात ना? मग आपण ‘लाइन’ का म्हणतो?

ब्रिटिश ‘क्यू’ म्हणतात, अमेरिकन ‘लाइन’. क्यू मूळचा फ्रेंच, अर्थ शेपूट. आपल्यावर राज्य ब्रिटिशांचं होतं तरी रांगेसाठी आपण शेपूट घेतलं नाही. रॉकेलची लाइन, रेशनची लाइन, आता आधार केंद्राची लाइन. शाळेत, पोलिसांत, कवायतीत ‘लाइनीत उभे राहा’ हा हुकूम आधीपासून रुळलेला होता, तोच पुढे दुकानासमोर गेला असावा.

‘पोलीस लाइन’, ‘सिव्हिल लाइन’ मध्ये कसली लाइन?

घरांची. पलटणीच्या तळावर शिपायांच्या झोपड्या किंवा तंबू सरळ ओळींत असत, म्हणून लष्करी इंग्रजीत त्या वस्तीलाच ‘लाइन्स’ म्हणत. खानदेशात ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्रमने १८२५ साली भिल्ल पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचं ठाणं झालं; अशा पलटणींमुळे हा शब्द गावोगाव पोचला असावा. सैनिक गेले, बराकी पोलिसांकडे आल्या, शब्द तसाच राहिला. हल्ली ‘पोलीस लाइन’ मध्ये चार मजली इमारती असतात, ओळ वगैरे काही नसते.

‘तू कोणत्या लाइनला आहेस?’ हे बरोबर इंग्रजी आहे का?

बरोबर आहे आणि जुनं आहे. व्यवसाय या अर्थानं लाइन इंग्रजीत सतराव्या शतकापासून सापडते. कोशकारांच्या मते तिची मुळं १६११ च्या इंग्रजी बायबलात असावीत. तिथे ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या एका पत्रात ‘दुसऱ्या माणसाची लाइन’ असे शब्द येतात. मूळ अर्थ दुसऱ्याला मोजून दिलेलं क्षेत्र, म्हणजे पुन्हा जमीन मोजायची दोरीच. वाचकांनी ‘दुसऱ्याचा धंदा’ असा अर्थ घेतला आणि तोच टिकला. आपण त्यात भर घातली: सायन्स लाइन, आयटीआय लाइन, ‘त्यानं लाइन बदलली’. आणि ‘पोरगा लाइनीवर आला’ म्हणजे सुधारला. हा तर सरळ रेषेचाच अर्थ.

‘लायनिंगचा शर्ट’ म्हणजे अस्तराचा की रेघांचा?

मराठीत रेघांचा. इंग्रजीत अस्तराचा. इथे पुष्कळांची फसगत होते.

कोटाच्या आतून मऊ लिननचं कापड लावत, त्यावरून ‘लाइन करणे’ म्हणजे अस्तर लावणे असं क्रियापद झालं. म्हणजे हेही जवसाचंच, पण रेषेच्या वाटेनं न येता थेट कापडाच्या वाटेनं आलेलं. ब्रेकचा लायनर, डिझेल इंजिनातला लायनर, शेततळ्यात अंथरतात त्या प्लास्टिकचं लायनिंग, सगळे याच वाटेचे: आतून लावलेला थर. आपल्या टेलरनं मात्र ब्लाउजच्या आतल्या कापडाला ‘अस्तर’ हा फारसी शब्द ठेवला आणि रेघांच्या कापडाला ‘लायनिंग’ म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत तो शर्ट ‘स्ट्राइप्ड’. दुकानात मराठी चालेल. परदेशातल्या दुकानात लायनिंग मागितलंत तर दुकानदार शर्ट उलटा करून दाखवेल.

‘डेडलाइन’ मध्ये कोण मरतं?

कैदी. आणि हा विनोद नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यानं जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे १८६४ साली युद्धकैद्यांचा तळ उघडला. चारी बाजूंनी उंच लाकडी कोट होता, आणि कोटाच्या आत काही फुटांवर खुंटांवर ठोकलेली एक साधी फळी. ती ओलांडणाऱ्याला, नुसता हात पलीकडे गेला तरी, पहारेकरी गोळी घालत. ती ‘डेड लाइन’. सुमारे चौदा महिन्यांत त्या तळावर जवळपास १३,००० कैदी मेले, बहुतेक उपासमारीनं आणि रोगांनी. तळाचा अधिकारी हेन्री वर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला आणि नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याला फाशी झाली. खटल्याच्या बातम्यांतून हा शब्द अमेरिकाभर पसरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वृत्तपत्रांनी तो बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी वापरला. आज पीकविम्याच्या अर्जालाही डेडलाइन असते. ‘मुदत’ हा शब्द हाताशी असताना हा रक्ताळलेला शब्द कशाला, असं आम्हाला वाटतं, पण आता तो जायचा नाही.

लाइफलाइन, गाइडलाइन, हॉटलाइन, ऑनलाइन यांचं काय?

लाइफलाइन म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायचा खराखुरा दोर. गाइडलाइनही आधी दोरच, वाट दाखवणारा किंवा भार दिशेला ठेवणारा.

हॉटलाइन म्हटलं की लाल टेलिफोन डोळ्यांसमोर येतो. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली प्रसिद्ध हॉटलाइन १९६३ साली सुरू झाली, आदल्या वर्षी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून दोन्ही देश युद्धाच्या काठावर आले होते, त्यानंतर. पण तिथे टेलिफोन नव्हता, मजकूर छापणारी टेलिप्रिंटर यंत्रं होती. तोंडी बोलण्यात गैरसमज होतील, म्हणून मुद्दाम लिहून पाठवायची व्यवस्था.

‘ऑनलाइन’ हा शब्द इंटरनेटपेक्षा बराच जुना. मुख्य संगणकाला थेट जोडलेलं यंत्र म्हणजे ऑनलाइन, असा अर्थ १९५० च्या दशकातला.

देशांच्या सीमांनाही लाइन का म्हणतात?

कारण त्या नकाशावर आखल्या गेल्या. अफगाणिस्तानकडची ड्युरँड लाइन १८९३, तिबेटकडची मॅकमोहन लाइन १९१४, फाळणीची रॅडक्लिफ लाइन १९४७. पहिल्या दोन आखणाऱ्या अधिकाऱ्यांना निदान हा मुलूख ठाऊक होता; रॅडक्लिफ त्याआधी कधी भारतात आलाच नव्हता. नियंत्रण रेषा हे नाव १९७२ च्या सिमला करारानंतरचं. त्याआधी तिथे युद्धबंदी रेषा होती.

‘लाइन मारणे’ इंग्रजीत कसं म्हणायचं?

या शब्दांत म्हणता येत नाही. ब्रिटिश बोलीत ‘शूट अ लाइन’ आहे, पण त्याचा अर्थ बढाई मारणं. इंग्रजीत ओळख काढायला म्हटलेल्या ठरावीक वाक्याला ‘पिक-अप लाइन’ म्हणतात, म्हणजे त्यांची लाइन बोलायची. आपली नजरेनं मारायची, आणि बहुतेक वेळा तोंडातून एक शब्द न निघता. हा भारतीय प्रयोग आहे. समोरच्या मुलीला तो नकोसा असेल तर त्याला दुसरी नावं आहेत आणि कायद्यात कलमंही.

सगळ्यात जास्त अर्थ असलेला इंग्रजी शब्द ‘लाइन’ च का?

नाही. बराच काळ तो मान ‘सेट’ कडे होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या नव्या आवृत्तीत ‘रन’ या क्रियापदानं त्याला मागे टाकलं. त्याचे ६४५ अर्थ नोंदले आहेत. लाइन बरीच मागे आहे.

‘लाइन’ लिहायचं की ‘लाईन’?

दोन्ही छापलेलं दिसतं. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार मराठीत दीर्घ, या नियमानं पाहिलं तर ‘लाईन’ आणि सामान्यरूपात ‘लाइनीला’, जसं ‘फूल’ आणि ‘फुलाला’. पुष्कळ वर्तमानपत्रं ऱ्हस्वच छापतात, इथेही तेच केलं आहे. शब्द स्त्रीलिंगी: ती लाइन, त्या लाइनी.

‘सलाइन’ आणि ‘लायन’ यांचाही संबंध आहे का?

अजिबात नाही. दवाखान्यात बाटलीतून नळी येते, म्हणून ‘सलाइन’ मध्ये लाइन असेल असं वाटतं. पण तो शब्द लॅटिन ‘साल’, म्हणजे मीठ, यावरून आला. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. गावातल्या फलकांवर कधी ‘लाइन्स क्लब’ असं लिहिलेलं दिसतं. तो सिंहांचा क्लब आहे, ‘लायन्स’. सिंहाचा शब्द ग्रीक ‘लेऑन’ वरून आला. ‘डिक्लाइन’ आणि ‘इन्क्लाइन’ मधली लाइनही खोटी. ती कलण्याच्या धातूची.